परिचर्येचे शिक्षण आणि लोकजीवनाची जाण



रुग्णशय्येपाशी मिळणारे शिक्षण परिचारिकेला कुशल बनविते. परंतु घरी परतलेला रुग्ण कोणाच्या शब्दाने चालतो, काय खातो, कशाला भितो, हे तेथे उमगत नाही. म्हणूनच अभ्यासक्रमात वस्त्यांतील क्षेत्रकार्याला स्थान दिलेले आहे.

या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील मॅडेलिन लायनिंजर यांचे. परिचारिका असून त्यांनी मानवशास्त्राचे अध्ययन केले. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी त्यापुढील प्रश्न विचारला. सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? त्यांचे उत्तर असे की, तो सेवा देणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा आहे. १९९२ साली तेथील परिचर्या परिषदेने 'सांस्कृतिक सुरक्षितता' हे तत्त्व शिक्षणक्रमात अंतर्भूत केले.

माओरी भाषेत भूमी व वार यांना एकच शब्द आहे, आणि बाळाची वार भूमीला परत देण्याची त्यांची रीत आहे. रुग्णालयाने न विचारता तिची विल्हेवाट लावली, तर प्रसूती सुखरूप होऊनही माता दुखावते. वार पुरण्याची रीत आपल्याकडील खेड्यांनाही अपरिचित नाही.

याचा अर्थ प्रत्येक रूढी जपावी असा मुळीच नव्हे. बाळंतिणीला पेज हवी असेल तर ती अवश्य द्यावी. परंतु पहिला चीक पिळून टाकण्याची चाल बाळाला अपायकारक आहे. जन्मानंतर पहिल्या तासातच स्तनपान सुरू झाले पाहिजे. मात्र हे केवळ सुनेला सांगून भागत नाही. ज्या घरात सासूचा शब्द चालतो, तेथे प्रथम सासूबाईंशी बोलावे लागते. लोहाच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून गरोदर स्त्री त्या टाळते, तेव्हा तिला अडाणी न ठरविता तिची भीती ऐकून घ्यावी आणि मग रक्तक्षयाचा धोका समजावून द्यावा.

क्षेत्रकार्याचा खरा धोका निराळाच आहे. नोंदवही भरली, गुण मिळाले, विद्यार्थी परतले. ज्यांनी दार उघडले त्यांच्या पदरी काय पडले? सबब माझी विनंती अशी की, कार्य आखताना वस्तीची गरज वस्तीलाच विचारावी. प्रत्येक भेटीनंतर आपल्या कोणत्या समजुती चुकीच्या ठरल्या याचे वर्गात चिंतन व्हावे. आणि जमविलेली माहिती ग्रामस्थांपुढे त्यांच्याच भाषेत मांडावी. सेवा आणि शिक्षण यांची सांगड अशीच पडेल. वस्ती ही आपली प्रयोगशाळा नसून गुरुगृह आहे, एवढे ध्यानी ठेवावे.