बालकांची भूल आणि दशांशचिन्ह
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु जन्मभर मी गणित शिकविले, आणि बालकास भूल देणे हे पुष्कळ अंशी गणितच आहे, याचा प्रत्यय मला गतवर्षी आला.

नातवाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी त्याचे वजन विचारले. मी मोठ्या ऐटीने 'तेरा किलो' असे सांगितले. त्यांनी मुलास काट्यावर उभे केले. काटा दहावर थांबला. मी ओशाळलो. बालकाचे औषध किलोमागे मोजावयाचे असते. ॲट्रोपीनच्या नेहमीच्या कुपीत १ मिलिलिटरला ०.६ मिलिग्रॅम औषध असते. १० किलोच्या मुलास सुमारे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे कुपीचा तिसरा हिस्सा पुरतो. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट! वहीतील अशा चुकीला आम्ही लाल रेघ मारीत असू. येथे ती जिवावर बेतते.

म्हणूनच प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव व प्रमाण लिहिणे, आणि दुसऱ्याने ते मोठ्याने वाचून पडताळणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम आरंभिली, ती उगीच नव्हे.

आता खर्चाविषयी. प्रोपोफॉलच्या २० मिलिलिटरच्या कुपीतून अशा मुलास झोप आणण्यास सुमारे ३ मिलिलिटर लागतात. उरलेले दुसऱ्या मुलास का देऊ नये, असे माझ्या मनात आले. परंतु त्या औषधात जंतू झपाट्याने वाढतात. ती काटकसर प्राणघातक होय. खरी काटकसर निराळी. लहान कुपी घ्यावी. तातडीची औषधे, जेथे मिळतील तेथे, आधीच भरलेल्या सीलबंद सिरिंजमध्ये ठेवावी. नग महाग पडतो. पण न उघडलेली सिरिंज मुदतीपर्यंत टिकते, नासाडी टळते आणि घाईत चुकण्याचा प्रसंगही टळतो. सुरक्षितता आणि काटकसर या येथे सख्ख्या बहिणी आहेत.

आपल्या हाती काय आहे? वजन अंदाजाने सांगू नका. मुलाचे वजन तेथेच करावयास सांगा. चालू औषधे, घरचा काढा, पूर्वी न मानवलेले औषध, आजीने मायेने भरविलेले बिस्किटसुद्धा लपवू नका. संकोचापेक्षा लेकरू मोलाचे आहे.