केडगावचे खिळे

आज पदवी घेऊन सेवेला निघायच्या तयारीत असलेल्या माझ्या तरुण भावाबहिणींनो,

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की दौंड यायच्या आधी केडगाव लागतं. तुमच्यातले पुष्कळ जण त्या स्टेशनावरून अनेकदा गेले असतील. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये एके काळी छापखाना होता आणि तो बायका चालवत होत्या. दुष्काळात उपासमारीतून आणलेल्या मुली, घरातून काढलेल्या विधवा. ज्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, त्या तिथं अक्षर शिकल्या आणि मग खिळे जुळवायला बसल्या.

खिळे जुळवणं म्हणजे काय, हे तुमच्या पिढीनं पाहिलेलं नाही. शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खण लागतात. त्या खणांतून अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळ घट्ट करायची, पान बांधायचं, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या. पान छापून झालं की सगळं सोडवायचं आणि एकेक खिळा पुन्हा आपल्या खणात टाकायचा, कारण उद्याच्या पानाला तीच अक्षरं लागणार. असं संपूर्ण बायबल छापायचं, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत.

या बायबलाचं भाषांतर मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचं. संस्कृत त्यांना लहानपणीच वडिलांनी आणि आईनं शिकवलं होतं. पंडिता आणि सरस्वती या पदव्या त्यांना कलकत्त्यात 1878 मध्ये मिळाल्या. पण हे बायबल मराठीत आणायचं तर मूळ भाषांतूनच आणायचं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तुम्ही ज्या हिब्रू व्याकरणाला तीन वर्षं घाबरत होता, ते रमाबाई शेकडो मुलींचं जेवणखाण, आजारपण, शेती, विहिरी, हिशेब हे सगळं सांभाळून शिकल्या. खेड्यातल्या बाईला समजेल असं मराठी त्यांना हवं होतं. एकेका शब्दावर त्या अडत, खोडत, पुन्हा लिहीत. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललं.

या कामाच्या आधी आणि या काळात त्यांच्यावर काय काय आलं, ते जरा आठवा. 1882 मध्ये नवरा गेला तेव्हा मुलगी मांडीवर होती. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं तो मार्ग बंद झाला. तिथंच 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्यात आणलं, आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात एवढं वादळ उठलं की पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजासाठी काम केलं त्यानं पाठ फिरवली. ज्या मिशनरी मंडळींत त्या गेल्या, त्यांतल्या काहींना त्यांचं स्वतंत्र डोकं खटकत होतं. मग जुलै 1921 मध्ये मुलगी गेली, मनोरमा, जी आईच्या मागे हे सगळं सांभाळणार होती. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांतही त्या बायबलाची प्रूफं तपासत होत्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही उपदेशांत ऐकली असेल. तिच्यापुढचा जो भाग उपदेशांत सहसा येत नाही, तोच मला आज सांगायचा आहे. रमाबाईंचं हे बायबल आपल्या मंडळ्यांत रूढ झालं नाही. उद्या सकाळी तुम्ही ज्या व्यासपीठावर उभे राहाल तिथं बायबल सोसायटीचं भाषांतर ठेवलेलं असेल. एका अफाट बुद्धीच्या बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं ज्या ग्रंथाला दिली, तो आज अभ्यासकांच्या कपाटात आहे.

मग ते काम वाया गेलं का? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षं होता. मी त्याचं उत्तर ग्रंथाच्या खपात शोधत होतो, म्हणून ते सापडत नव्हतं. ते उत्तर खिळे जुळवणाऱ्या हातांत होतं. जिला जगानं टाकून दिलं होतं ती मुलगी रोज सकाळी उठून देवाच्या वचनाचं एकेक अक्षर बोटांनी उचलत होती. तिच्यासाठी ते पुस्तक छापून व्हायच्या आधीच वाचून झालं होतं.

तुम्हाला आता सेवेचा अहवाल लिहावा लागेल. बाप्तिस्मे किती, उपस्थिती किती, दान किती. लिहा, प्रामाणिकपणे लिहा. पण त्या कागदावर मावणार नाही असं पुष्कळ काही घडत असतं, हे विसरू नका. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत आली आणि 1839 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1862 पर्यंत, नगरला मुलींना शिकवत राहिली. तिची शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आला होता, जोतीराव फुले. 1848 मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे काही धडे फॅरारबाईंकडे घेतले, असं सांगतात. फुले पतिपत्नी ख्रिस्ती झाले नाहीत. फॅरारबाईंच्या अहवालात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. शेतकऱ्याच्या घरातले लोक इथं बसले आहेत, त्यांना ठाऊक आहे की बांधावरच्या आंब्याची फळं शेजारच्या रानात पडतात. म्हणून कोणी आंब्याला पाणी घालायचं थांबत नाही.

आता थोडं माझं सांगतो. माझी पहिली नेमणूक नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कोरडवाहू गावी झाली. रजिस्टरात एक्केचाळीस कुटुंबं होती. मी मोठ्या उमेदीनं गेलो. दसरा झाला आणि पंधरा दिवसांत गाव रिकामं झालं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळं नवराबायको मिळून एक कोयता अशा हिशेबानं सगळे ऊस तोडायला कारखान्यांकडे निघाले, पोरांना आणि शेळ्यांनाही घेऊन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेला सात जण आले, त्यांतले पाच साठीच्या पुढचे. डिसेंबरात मी राजीनामा लिहिला. माझ्या पाचारणात काही चूक झाली असावी असं मला खरोखर वाटलं होतं.

देवळाच्या दिव्याची काच पुसणारी एक म्हातारी होती. तिला मी म्हटलं, आजी, इथं मंडळीच उरली नाही. ती काच पुसता पुसता म्हणाली, “मंडळी काय हरवलीया व्हय, पाळकसाहेब? कारखान्यावर गेलीया. तुमचं पाय तर धड हायेत.”

मी गेलो. कारखान्याजवळच्या माळावर कोप्यांची रांग होती, पाचटानं शाकारलेली. रात्री नऊनंतर, भाकरी झाल्यावर, आम्ही कंदिलाभोवती बसलो. पहाटे चारला उठून तोडीला जाणारी माणसं ती, माझ्या उपदेशात झोपून गेली. मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मी उपदेश सात मिनिटांचा केला आणि बाकी वेळ टिळकांची भजनं म्हटली. त्या वेळी सगळे जागे होते. त्या वर्षीचा नाताळ आम्ही तिथंच केला, उसाच्या वाढ्यांची कमान बांधून. पुढं अकरा वर्षं मी त्या मंडळीत होतो आणि दर हिवाळ्यात त्या कोप्यांत जात होतो. मी निघालो तेव्हा रजिस्टरात अडतीस कुटुंबं होती. म्हणजे आलो तेव्हापेक्षा तीन कमी. हा आकडा मी कधी लपवला नाही आणि आज तुमच्यापुढं मुद्दाम सांगतो आहे, कारण तुमच्यातल्या काहींच्या वाट्याला असाच आकडा येईल.

टिळकांचं नाव आलं म्हणून सांगतो. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं आणि दहा-अकरा अध्याय झाले तोवर 1919 मध्ये ते गेले. ते पुढं कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ज्यांचं घर फाटलं, ज्या कित्येक वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या, शाळेचं तोंड ज्यांनी पाहिलं नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या अर्ध्या राहिलेल्या पोथीत चौसष्ट अध्यायांची भर घातली. टिळकांच्या मरणानंतर त्या सतरा वर्षं जगल्या. कुणाच्या हातात आपलं काम जाईल हे टिळकांनी ठरवलं नव्हतं, आणि ठरवायला बसले असते तर कदाचित शिकलेल्या कवीचं नाव घेतलं असतं.

आपण चिकाटी म्हटलं की एकटा माणूस वाऱ्याविरुद्ध उभा असल्याचं चित्र डोळ्यांपुढं आणतो. मला ते चित्र पटत नाही. केडगावात खोलीभर बायका होत्या. पौलाकडे पाहा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो तुरुंगात आहे, मरण जवळ आलं आहे हे त्याला कळतं आहे, आणि तो काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, चर्मपत्रं. हिवाळ्याच्या आत ये, असा निरोपही देतो. इतका मोठा प्रेषित थंडीची सोय मागताना संकोचत नाही. तुम्हीही संकोचू नका. पगार थकला, मूल आजारी पडलं, झोप येईनाशी झाली, तर कोणाला तरी सांगा. सेवकानं गरज बोलून दाखवू नये असा एक समज आपल्याकडे आहे. त्या समजानं चांगले पाळक आतून पोखरले गेलेले मी पाहिले आहेत.

त्याच पत्रात पौल मार्काला घेऊन यायला सांगतो. हा तोच मार्क, जो पंफुल्यात सोबत सोडून परत गेला होता आणि ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला. त्या प्रवासात काय झालं, बर्णबा त्याच्याशी काय बोलला, कुठंच लिहिलेलं नाही. एवढंच दिसतं की अर्ध्यावरून घरी गेलेला पोरगा पुढं पौलाला उपयोगी वाटू लागला. तुमच्या वर्गातला कोणी दोन वर्षांनी सेवा सोडून घरी बसला, तर त्याच्याबद्दल कुजबुज करण्याआधी त्याच्या घरी जा. आणि तो तुम्हीच असलात, तर दार उघडा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. टिकून राहण्याचा उपदेश करताना जपून करा. दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई तुमच्याकडे येईल, आणि तिला धीर धर, सोस, असं सांगणं सगळ्यात सोपं असेल. ग्रीक भाषेत धीरासाठी जो शब्द आहे, हुपोमोने, त्यात ओझ्याखाली थांबण्याचा अर्थ आहे हे तुम्ही शिकलात. पण कोणत्या ओझ्याखाली, हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. रमाबाईंनी दुष्काळी मुलुखातल्या मुलींना सोसायला सांगितलं नाही. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. स्वतः सोसलं ते या कामापायी.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या नेमणुका झाल्या आहेत. काहींना शहरातली मोठी मंडळी मिळाली आहे, काहींना दवाखान्यातली सेवा, आणि काहींना माझ्यासारखं कोरडवाहू गाव. जिथं जाल तिथल्या देवळाची किल्ली कोणाकडे असते ते आधी विचारा. बहुधा ती एखाद्या वयस्कर माणसाकडे असेल, जो तुमच्याआधीच्या चार पाळकांना ओळखत होता. त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि त्या चौघांबद्दल त्याला बोलू द्या. मग घंटा किती वाजता वाजवायची ते विचारून ठेवा, आणि रविवारी दहा मिनिटं आधी जाऊन दार उघडा.