घरचा सर्व्हर, बाहेरची वाट

श्रोतेहो, समजा म्हसावदच्या एका गुरुजींनी शाळेचे धडे घरच्या संगणकावर ठेवले. घरातल्या वायफायवर ते उघडतात. शहाद्याला गेलेल्या पोराला मात्र दिसत नाहीत. अहो, दिसतील कसे? १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच. बाहेरची हाक राउटरच्या देवडीशी थांबते. ती कोणत्या संगणकाकडे धाडायची, हे राउटरला सांगून ठेवावे लागते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

एवढ्याने भागले नाही, तर राउटरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवली आहेत. मग आपली देवडी उघडून काय उपयोग? कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा. चार पैसे जादा पडतीलही. आणि धड्यांपुरते एकच पोर्ट उघडावे. घरातले इतर कागद त्या संगणकावर ठेवूच नयेत.