सगळ्यांची काळजी घेणाऱ्याला कोण विचारतं?



इथे बसलेल्यांपैकी कुणी स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे, कुणी करायच्या विचारात आहे. कुणी मोहल्ल्यात अभ्यासिका चालवतं, कुणी महिलांच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या चकरा मारतं. कामं वेगळी आहेत, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांची एक गोष्ट सारखी आहे. तुम्ही घरातले पहिले आहात. पहिले पदवीधर, पहिले उद्योजक, पहिल्यांदा माईक हातात घेतलेल्या मुली. अशा माणसाकडे सगळे आशेने बघतात. बहिणीची फी, अब्बूंचं औषध, कामावर ठेवलेल्या चार पोरांचा पगार, सगळं त्याच्याकडे येतं. त्याला ‘मी दमलो’ म्हणायची सोय नसते. म्हणून आज या दमण्याबद्दल बोलायचं आहे.

त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो. जेरी कोलोना त्यांचं नाव. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका मोठ्या कुटुंबात ते वाढले. घरात पैशाची चिंता कायमची, आईचं मानसिक आजारपण होतं, वडिलांचं दारू पिणं होतं. सरकारी खर्चावर चालणाऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकले, मग पत्रकार झाले. संगणक क्षेत्रातल्या साप्ताहिकात काम करता करता त्यांना हा नवा धंदा कळत गेला. १९९६ साली फ्रेड विल्सन यांच्यासोबत त्यांनी ‘फ्लॅटआयर्न पार्टनर्स’ ही फर्म काढली. नव्या इंटरनेट कंपन्यांमध्ये पैसा गुंतवायचा, असं तिचं काम.

तो काळ इंटरनेटच्या तेजीचा होता. त्यांनी पैसा लावलेली ‘जिओसिटीज’ १९९९ मध्ये ‘याहू’ने काही अब्ज डॉलरना विकत घेतली. मग तेजी फुटली. अमेरिकेतल्या तंत्रज्ञान कंपन्यांचा ‘नॅसडॅक’ निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर होता, तो ऑक्टोबर २००२ पर्यंत १,१०० च्या आसपास आला. तासाभरात घरपोच सामान देणारी ‘कोझमो’ ही त्यांनी पैसा लावलेली आणखी एक कंपनी. ती एप्रिल २००१ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या शहरावर दहशतवादी हल्ला झाला.

तरीही बाहेरून बघणाऱ्याला कोलोनांचं सगळं ठीकच दिसत होतं. पैसा होता, नाव होतं, मोठ्या बँकेत जागा होती. २००२ च्या सुरुवातीला एका बैठकीतून ते बाहेर पडले आणि आता जगू नये असं त्यांना वाटलं. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. त्या क्षणी त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या थेरपिस्टला फोन लावला. हे ते स्वतः पुढे जाहीरपणे सांगत आले आहेत, पुस्तकातही लिहिलं आहे.

त्यानंतरचा रस्ता सरळ नव्हता. त्यांनी गुंतवणुकीचं काम सोडलं. उपचार घेतले, वाचलं, प्रवास केला, शांत बसायला शिकले. पुढे त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना ‘कोचिंग’ द्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये सहकाऱ्यांसोबत ‘रीबूट’ ही संस्था काढली, २०१९ मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं. त्यांच्यासमोर बसल्यावर मोठमोठे सीईओ रडतात, अशी त्यांची ख्याती आहे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या पैसेवाल्याची गोष्ट आम्हाला कशाला? ‘बर्नआउट’ हा शब्द कुठून आला ते बघा. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. लहानपणी नाझींच्या जर्मनीतून जीव वाचवून न्यूयॉर्कला आलेले. दिवसभर ते स्वतःचे पेशंट बघायचे आणि नंतर गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांनी चिडचिडे होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांचाच राग करू लागतात, हे त्यांनी पाहिलं. स्वतःचीही तीच गत झालेली पाहिली. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि हा शब्द रुजला. म्हणजे सुरुवातीला तो कंपनीच्या मालकांसाठी वापरलेला शब्दच नव्हता. तो तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या. शक्ती संपल्यासारखं वाटणं. कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवटपणा येणं. आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की होणारी ही गोष्ट आहे. यातली दुसरी खूण नीट लक्षात ठेवा. जो कार्यकर्ता काल लोकांसाठी रडायचा, तो आज ‘आपल्या लोकांचं काही होणार नाही’ म्हणायला लागला, तर त्याला लगेच बदललेला किंवा विकलेला ठरवू नका. तो जळून गेलेला असू शकतो.

मग कोलोना त्यांच्यासमोर बसलेल्या प्रमुखाला काय देतात? धंद्याचं कसब हवंच, ते नाकारत नाहीत. हिशोब, माणसं नेमणं, बैठक घेणं हे शिकावंच लागतं. पण त्यासोबत दोन गोष्टी ते मागतात. पहिली म्हणजे स्वतःला प्रामाणिकपणे तपासणं. जी परिस्थिती नको असं मी म्हणतो, ती तयार होण्यात माझा हातभार किती? इथे ते दोष शोधत नाहीत. तुमच्या दुकानात सगळं तुम्हालाच बघावं लागतं, अशी तुमची तक्रार आहे. मग कुणाला चावी देऊन बघितली का? ‘नाही’ म्हटलं तर लोकांना आपण नकोसे होऊ, ही भीती कधीपासूनची? लहानपणी घर सावरताना लागलेली सवय आता कंपनी चालवते आहे का? दुसरी गोष्ट, आपल्यासारख्याच इतरांसोबत बसून हे मोकळेपणाने बोलणं. प्रमुखाला वाटत असतं की हे फक्त आपल्यालाच होतं. शेजारचाही तेच सांगतो तेव्हा निम्मं ओझं उतरतं.

पण इथे एक सावधगिरी हवी. सगळा प्रश्न मनातच आहे असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. क्रिस्टिना मास्लाक या संशोधक बाईंनी बर्नआउटवर आयुष्य घालवलं. त्या आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी सहा गोष्टी मांडल्या: कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, मिळणारा मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. यांचा माणसाशी मेळ बसला नाही की माणूस जळतो. यात ‘न्याय’ आहे, बघा. नाव ऐकून दुकानाला जागा नाकारली जात असेल, बिलं सहा-सहा महिने अडकत असतील, तर त्यावर खोल श्वास घेणं हा इलाज नाही. तिथे कायदा, संघटना आणि पाठपुरावा लागतो. तोही एकट्याने करायचा नसतो. आणि हाच न्याय आपल्या संघटनेलाही लावायचा. सतरंज्या उचलणारे, चहा बघणारे आणि अहवाल लिहिणारे दर वेळी तेच तीन जण असतील, त्यातल्या दोन मुली असतील, तर त्यांना कोच नको आहे. त्यांना कामाची नीट वाटणी हवी आहे.

कोचिंगची फी आपल्याला परवडणार नाही, हे खरं. पण त्यातला गाभा मोफत आहे. मशवरा करणं आपल्याला नवीन नाही. फक्त आपल्या मशवऱ्यात सल्ला फार आणि ऐकणं कमी असतं. चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा दीड तास बसावं. एकाने आपली अडचण मांडावी. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. तिथलं बोलणं ही अमानत समजायची, ते बाहेर जाता कामा नये. आणि मुलींना मोकळं बोलता येईल अशी वेळ आणि जागा निवडायची. मगरिबनंतर घरी परतायचं कसं, या काळजीत असलेली मुलगी काय मन उघडणार?

शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कोलोना आधी उपचाराकडे गेले, कोच ते नंतर झाले. हा क्रम उलटा करू नका. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगण्याचा कंटाळा आला असेल, तर कोच, मित्र किंवा मोटिव्हेशनचे व्हिडिओ पुरेसे नाहीत. तिथे डॉक्टर हवा. सरकारची ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. मी थांबतो, करा.

झालं? आता उद्याचं एक काम. तुमच्या घरात, दुकानात किंवा गटात सगळ्यांची काळजी घेणारं जे माणूस आहे, ती अम्मी असेल, भाईजान असतील, नाहीतर तुमच्या गटाची ताई असेल, त्यांच्याजवळ जाऊन बसा. ‘तुम्ही कशा आहात?’ असं विचारा आणि ‘ठीक आहे’ या उत्तरावर उठू नका.