आधी कागद, मग सूर
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी विषय सुचवला होता ‘बरोक संगीताचा आस्वाद’. मी तो बदलून घेतला. आस्वादाला व्याख्याता लागत नाही. बाख आणि विवाल्डी आता मोबाइलवर फुकट मिळतात. मला बोलायचंय ते या संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासाबद्दल. गाणं शिकणं आपल्याला समजतं, वाद्य शिकणंही समजतं. पण होऊन गेलेल्या गाण्याचा इतिहास, तोही विद्यापीठात, पदवीसाठी? ती माणसं दिवसभर करतात तरी काय? माझं उत्तर सरळ आहे : ती कागद वाचतात. आणि ते वाचले गेले नसते, तर आज बरोक म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं आपल्या कानांवर आलंच नसतं.

काळाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. मोन्तेवेर्दीचा ‘ओर्फेओ’ हा ऑपेरा मान्तुआच्या दरबारात १६०७ साली झाला आणि बाख १७५० साली वारला. आपल्याकडे तुकोबांच्या जन्मापासून साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या निधनापर्यंतचा काळ धरा. साधारण तेवढंच बरोक.

विवाल्डी तुमच्या ओळखीचा. त्याचे ‘फोर सीझन्स’ बँकेला फोन लावून ताटकळतानाही ऐकू येतात. हा माणूस १७४१ साली व्हिएन्नात कफल्लक होऊन मेला आणि पुढे पावणेदोनशे वर्षं जवळजवळ विस्मरणात गेला. एकोणिसाव्या शतकात त्याचं नाव निघे ते मुख्यतः बाखमुळे. तरुण बाखने वायमारला असताना त्याच्या काही कॉन्चेर्तोंची ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी रूपांतरं केली होती, म्हणून. दुसऱ्याच्या चरित्रातली तळटीप, एवढीच त्याची किंमत.

१९२६ साली उत्तर इटलीत मोन्फेर्रातो भागातल्या सालेसियन पाद्र्यांच्या एका विद्यालयाला इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते. संग्रहात जुनी हस्तलिखितं पडून होती. विकली तर काय येईल, म्हणून त्यांनी तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे विचारणा केली. ग्रंथालयाचे संचालक लुईजी तोरी यांनी तपासणीचं काम दिलं आल्बेर्तो जेंतीली यांना. जेंतीली तुरिन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवत. त्यांनी चळत उपसली, तर आत विवाल्डीच्या रचनांचे १४ खंड.

ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. बोभाटा केला असता तर जुन्या पुस्तकांचे व्यापारी भाव चढवून बसले असते. जेंतीलींनी रोबेर्तो फोआ हा शेअर दलाल गाठला. फोआचा मुलगा मावरो तान्हेपणीच गेला होता. त्याच्या स्मरणार्थ फोआने सगळा संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. इथे दुसरा कुणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. जेंतीलींनी खंडांवरचे क्रमांक तपासले. ते सलग लागेनात. म्हणजे केव्हातरी संग्रहाची वाटणी झाली होती आणि उरलेला वाटा आणखी कुणाच्या तरी घरात होता.

माग काढत ते जेनोव्हाच्या दुरात्सो घराण्यापर्यंत पोचले. या घराण्यातल्या जाकोमो दुरात्सोने अठराव्या शतकात व्हिएन्नाची दरबारी नाटकगृहं सांभाळली होती. त्याच्याकडचा संग्रह वारसांत फिरत राहिला होता. उरलेले खंड ज्याच्याकडे होते तो वंशज काही केल्या सोडायला तयार होईना. मनधरणीत वर्षं गेली. अखेर १९३० साली दुसरा वाटाही तुरिनला आला. पैसे दिले फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने, त्याचाही लहानगा रेंत्सो वारला होता, त्याच्या नावाने. तुरिनच्या ग्रंथालयात आज विवाल्डीचे २७ खंड आहेत आणि ते संग्रह ओळखले जातात या दोन मुलांच्या नावांनी.

यातलं पुढचं प्रकरण सांगायला जड जातं. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशाचे कायदे आणले आणि ज्यू अध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकलं. जेंतीली ज्यू होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात संगीतकार आल्फ्रेदो कासेल्लाने सिएना शहरात विवाल्डी सप्ताह भरवला. आज जगभरच्या गायकवृंदांना पाठ असलेला ‘ग्लोरिया’ तिथे पुन्हा लोकांच्या कानांवर पडला. ज्याच्या नजरेने ते खंड ओळखले त्याला तोवर विद्यापीठाचं दार बंद झालं होतं.

पण कागद हाती लागला म्हणजे काम संपलं, असं नाही. तो कधीचा, हा प्रश्न उरतोच. बाख १७२३ साली लायपझिगच्या थोमास चर्चचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, झाला आणि मरेपर्यंत, २७ वर्षं, त्या पदावर राहिला. रविवारच्या उपासनेसाठी त्याने लिहिलेले कंताटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, दोनशेच्या आसपास उरले आहेत. बहुतेकांवर तारीख नाही. एकोणिसाव्या शतकात फिलिप श्पिटा यांनी बाखचं दोन भागांतलं थोर चरित्र लिहिलं. त्यांनी या रचना साऱ्या कारकिर्दीवर पसरल्या. जुन्या प्रार्थनागीतांवर बांधलेले कंताटा तर त्यांच्या मते बाखच्या उतारवयातले. श्रद्धाळू कँटर आयुष्यभर दर आठवड्याला देवाचं गाणं रचतो आणि शेवटी आपल्या पंथाच्या जुन्या प्रार्थनागीतांपाशी परत येतो, असं ते चित्र. फार सुंदर चित्र होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं सगळ्यांनी तेच भिंतीवर लावलं.

१९५० नंतर बाखच्या समग्र रचनांची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा ग्योटिंगेनचे आल्फ्रेड ड्यूर आणि ट्युबिंगेनचे गेओर्ग फॉन डाडेलसेन यांनी ही हस्तलिखितं पुन्हा मुळापासून तपासली. बर्लिनच्या ग्रंथालयातली हस्तलिखितं युद्धात सुरक्षिततेसाठी हलवली होती, त्यातली काही ट्युबिंगेनलाच येऊन राहिली होती. तपासण्यासारख्या गोष्टी दोन होत्या : कागद आणि अक्षर.

नोट उजेडात धरली की गांधीजींची आकृती दिसते, तसं त्या काळच्या हातकागदातही कारखान्याचं चिन्ह असे. लगदा गाळायच्या साच्याच्या जाळीवर तारेची आकृती टाचलेली असे. वापरून वापरून ती तार वाकते, सरकते, आणि थोड्याच वर्षांत साचा बदलावा लागतो. त्यामुळे हुबेहूब एकाच ठशाचे कागद सहसा एकाच सुमाराचे निघतात. अक्षराचं थोडं निराळं. मूळ प्रत बाखच्या हातची असली, तरी गायकवादकांच्या सुट्या प्रती शाळेतली मुलं आणि घरची माणसं उतरवून काढत. रविवार तोंडावर आलेला, शाई वाळायला वेळ नाही, अशा घाईत. ही अक्षरं अभ्यासकांनी एकेक करून वेगळी काढली. नाव माहीत नसलेल्यांना ‘मुख्य लेखनिक अ’, ‘मुख्य लेखनिक ब’ म्हटलं. यातला ‘अ’ पुढे ओळखू आला : योहान आंद्रेआस कूनाऊ, बाखच्या आधीच्या कँटरचा पुतण्या. एखादा मुलगा शाळेत कधी होता हे कळलं की त्याच्या हातची प्रत कधीची, हेही कळतं.

ड्यूर यांनी १९५७ साली आणि डाडेलसेन यांनी १९५८ साली निष्कर्ष छापले आणि श्पिटांचं चित्र भिंतीवरून उतरलं. लायपझिगमधले बहुतेक कंताटा बाखने पहिल्या चार-पाच वर्षांतच लिहिले होते. प्रार्थनागीतांवरचे म्हातारपणीचे मानलेले कंताटा निघाले १७२४-२५ सालचे, म्हणजे बाख चाळिशीला टेकला होता तेव्हाचे. त्यानंतर हा ओघ एकदम आटतो.

मग उरलेल्या वीस वर्षांचं काय? १९६२ साली फ्रीडरिश ब्लूमे या मातब्बर अभ्यासकाने माइन्त्सच्या बाख महोत्सवात भाषण करून सांगितलं, की चर्चचा सेवक बाख ही आपली कल्पना आता सोडा. मोठं वादळ उठलं. माझ्या मते ब्लूमे वाहवत गेले. कागदाने तारखा बदलल्या होत्या, माणसाच्या श्रद्धेबद्दल कागद काही बोलला नव्हता. गंमत म्हणजे त्यांना आवर घालणाऱ्यांत खुद्द ड्यूर होते, ज्यांच्या तारखांवर ब्लूमेंनी हा इमला रचला होता. तारीख काढणारा माणूस तारखेच्या मर्यादाही जाणतो. अभ्यासक ओळखायची ही खूण मला पटते.

एकच कागद दोन माणसं दोन तऱ्हांनी वाचतात, हेही आहे. ऑगस्ट १७३० मध्ये बाखने नगरपालिकेला अर्ज दिला, की चर्चच्या संगीतासाठी प्रत्येक आवाजाला किमान तीन, शक्य तर चार गायक हवेत. यावरून सगळे धरून चालले, की बाखचा वृंद बारा ते सोळा जणांचा. १९८१ साली जोशुआ रिफकिन यांनी बोस्टनच्या परिषदेत मांडलं, की ही संख्या हजेरीपटाची आहे, एका वेळी गाणाऱ्यांची नाही. सुट्या प्रती पाहिल्या तर बहुधा एका आवाजाला एकच गायक उभा राहत असे. भांडण अजून मिटलेलं नाही. मला रिफकिन यांचा युक्तिवाद कागदावर बळकट वाटतो आणि कानाला मात्र मोठा वृंदच आवडतो. दोन्ही एकदम असू शकतं.

विद्यापीठात हे शिकणाऱ्या मुलाला जर्मन आणि इटालियन यायला लागतं, थोडी लॅटिन लागते, जुनं वळणदार जर्मन अक्षर वाचता यावं लागतं. आणि हार्पसिकॉर्डसमोर बसून आकडे वाचावे लागतात. बरोक रचनाकार पुष्कळदा खालचा एकच स्वरपट लिहितो आणि त्यावर आकडे घालतो. त्यावरून मधले स्वर वाजवणाऱ्याने जागच्या जागी भरायचे. भातखंड्यांच्या पुस्तकात लिहिलेली बंदिश म्हणजे पूर्ण गाणं नाही, हे जाणणाऱ्या आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटू नये. युरोपात मात्र मध्यंतरी शंभर-दीडशे वर्षं ही विद्या मागे पडली होती आणि तिला परत आणण्यात विद्यापीठांचा मोठा हात आहे. लायपझिगला कायदा शिकायला आलेल्या टेलेमानने विद्यार्थ्यांचा वृंद काढला होता. तोच वृंद १७२९ पासून बाखने चालवला, कॉफीघरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यूगो रीमान यांनी त्याच विद्यापीठात तसा वृंद नव्याने उभा केला. फ्रायबुर्गला विलिबाल्ड गुर्लिट यांनी १९२१ साली सतराव्या शतकातल्या वर्णनाबरहुकूम ऑर्गनच बांधून घेतला. याला लगेच ‘अस्सल’ म्हणायची घाई नको. संगीताचे अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांनी ठणकावून सांगितलं होतं, की या अस्सलपणात आजची आवडच जास्त आहे. ते बोचरं बोलत, पण बरंचसं खरं बोलत.

आता आपल्या दारापाशी येतो. मोन्तेवेर्दी व्हेनिसमध्ये काम करत होता तेव्हा, १६१६ साली, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. मराठीत, ओवीत. ते चर्चमध्ये गाऊन वाचलं जाई. त्याच गोव्यात युरोपी पद्धतीचे गायकवृंद लॅटिन उपासना गात. १६२२ साली इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांना संतपद मिळालं. त्याचा मोठा उत्सव गोव्यात १६२४ साली झाला. तो पाहून पत्रांत लिहून ठेवणारा प्रवासी होता रोमचा पिएत्रो देल्ला वाल्ले, पुढे याच माणसाने आपल्या काळच्या संगीतावर निबंध लिहिला. इतका तयार कानाचा साक्षीदार क्वचित मिळतो. पुढे १७५९ साली पोर्तुगालने लोयोला-झेवियर यांच्या जेझुइट धर्मसंघाला आपल्या मुलखातून हाकललं, १८३० च्या दशकात बाकीचे धर्मसंघही बंद झाले. मठ ओस पडले, कागद विखुरले आणि उरलेल्यांना दमट हवेने ग्रासलं.

तरी हिशेबाच्या वह्या, वार्षिक पत्रं, उत्सवांचे वृत्तान्त पणजी, लिस्बन आणि रोमच्या दफ्तरांत आहेत. गायकाला किती दिलं, ऑर्गनच्या दुरुस्तीला काय लागलं, हे अशाच कागदांत मिळतं. शिवाय ज्याला ओवी कानाने कळते असा अभ्यासक युरोपच्या विद्यापीठांत सहज मिळणार नाही, तो इथेच मिळेल. समोर बरेच विद्यार्थी बसलेले दिसतात. तुमच्यातल्या एकदोघांनी तरी या सुट्टीत पोर्तुगीजचा वर्ग लावावा. उरलेल्या भाषा पुढे शिकता येतील.