पायातली चिप, हातातला मोबाइल

एरंडोलला पहाटे धावायला निघणाऱ्या अनेक पोरापोरींच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं. पूर्वी वेळ स्टॉपवॉचवर मोजायचे. आता अनेक मैदानांवर धावणाऱ्याच्या पायात आरएफआयडी चिप असते. तिला बॅटरी नसते. रेषेवरच्या अँटेनाच्या रेडिओलहरींवरच ती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

निवड झाली की प्रशिक्षण. पारोळ्यापुढे धुळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहेच. तिथे कवायत आणि रायफल तर आलीच. पण १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यानं पोलिसांना झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. तेव्हा पोरांनो, पायांबरोबर मोबाइलवरही हात बसवा.