झीलकऱ्याकडे कान द्या



चैत्रात चंद्रपूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमक्या त्याच उन्हात महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून, शेजारच्या तेलंगणातून भाविक येतात. झरपट नदीवर आंघोळी होतात, देवळाच्या आसपास चुली पेटतात. गोंडराणी हिराईचं नाव या देवळाशी जोडलेलं आहे. दर्शनाला आपण जातोच. यंदा एक दिवस तिथं गाणं ऐकायला जा, असं मी सुचवतो.

इथं मंच नसतो, निवेदक नसतो. दहा ठिकाणी एकदम गाणं चाललेलं असतं, त्यामुळे आधी सगळा गलकाच वाटतो. अशा वेळी एकच घोळका निवडायचा आणि तिथं बसकण मारायची. सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. भर दुपारी सावली धरा.

आधी वाद्यं ओळखू. हलगी, म्हणजे आपलं डफडं: कड्यावर ताणलेलं कातडं आणि दोन काड्या. एका काडीचा बारीक, कडक आवाज सतत चालू राहतो, दुसरीचा ठोका भरदार पडतो. कातडं सैल झालं की वादक ते जाळावर धरतो. परत वाजवतो तेव्हा आवाज चढलेला असतो. तेवढा फरक जरूर टिपा. संबळाची दोन तोंडं, एक घुमणारं, एक टणक. ती निरनिराळी ऐकू येईपर्यंत दुसरीकडे लक्ष देऊ नका. तुणतुण्याला तार एकच. ते एकसुरी वाटेल, पण गाणाऱ्याचा सूर त्याच तारेवर टेकलेला असतो.

आता गळा. मैफलीतला गोडवा इथं शोधू नका. उघड्या माळावर, गर्दीच्या पलीकडे आवाज पोचवायचा असतो, म्हणून तो मोकळा आणि टिपेचा लावतात. पुढचा गाणारा ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात. आपलं लक्ष पुढच्याकडे जातं. तुम्ही कान मागच्यांकडे ठेवा. ओळ संपायच्या आतच त्यांनी ती धरली का? शेवटचा स्वर किती लांबवला? लय वाढली, ती गळ्यानं वाढवली की हलगीनं? तीच ओळ पुन्हा पुन्हा येते तीही उगाच नाही. तेवढ्या वेळात पुढच्याला दम घेता येतो, पुढचं कडवं जुळवता येतं आणि नवख्याला गाण्यात शिरता येतं.

गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे माडिया गोंडांची रेला गाणी ऐकाल, तर हीच गोष्ट आणखी उघडी दिसेल. एकमेकींना धरून बायका-मुली फेर धरतात. एक बाजू ओळ म्हणते, दुसरी उत्तर देते. वाद्य नसलं तरी अडत नाही, ताल पावलांत असतो. माडिया भाषा कळली नाही तर पावलं बघा. ओळ कुठं वळते ते तीच सांगतात. मात्र कुणाच्या लग्नात वा सणात जायचं तर बोलावणं हवं.

शामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन यांनी 1935 साली गोंडांच्या गीतांचा इंग्रजी संग्रह छापला. मोलाचंच काम ते. पण पुस्तकात शब्द मिळतात. ओळ कोणी, किती घाईनं उचलली, हे छापता येत नाही. त्यासाठी जागेवरच जावं लागतं.

तेव्हा श्रोतेहो, या चैत्रात पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा घेऊन निघा. मोबाईल खिशात राहू द्या. ध्वनिमुद्रण करायचंच असेल तर आधी विचारा. थोडा वेळ नुसतं ऐका, ओळ ओठांवर बसली की झील धरा. लोकगीत कळायचा याहून जवळचा रस्ता मला ठाऊक नाही.